सनद एकच, वाटा अनेक: नागपुरात वकिलाची कारकीर्द कशी घडते

कायद्याच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या मुलामुलींचे पालक पहिला प्रश्न हमखास विचारतात तो असा, की फौजदारी, दिवाणी, कौटुंबिक की कंपनी कायदा, यांपैकी कोणती शाखा घ्यावी. वैद्यकीय क्षेत्रात हा प्रश्न रास्त आहे, कारण तिथे प्रत्येक शाखेची वेगळी पदव्युत्तर पदवी असते. वकिलाची सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, मात्र एकच असते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील कलम ३० हे १५ जून २०११ पासून अमलात आले आणि त्याप्रमाणे सनदधारक वकिलाला देशातील कोणत्याही न्यायालयात व न्यायाधिकरणात वकिली करण्याचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण दाखल करण्यासाठी वेगळी परीक्षा उत्तीर्ण झालेला 'ॲडव्होकेट ऑन रेकॉर्ड' लागतो, असे काही अपवाद सोडले, तर सकाळी जामिनाचा अर्ज चालवणाऱ्या वकिलाने दुपारी वाटणीच्या दाव्यात उलटतपास घ्यायला कायद्याची काहीही आडकाठी नाही.

तरीही वकिलीत पंधरा-वीस वर्षे काढल्यावर प्रत्येकाची ओळख एखाद्या कामाशी जोडली जाते. अमुक वकील भूसंपादनाचे, तमुक बाई सेवाविषयक प्रकरणांच्या, असे लोक बोलू लागतात. नागपुरात वकिली करताना आणि अनेक ज्युनियर मुलेमुली घडताना पाहून माझे मत असे झाले आहे, की ही ओळख महाविद्यालयात घेतलेल्या निर्णयातून क्वचितच येते. पहिली चार-पाच वर्षे आपण कोणाच्या ऑफिसात बसलो, आपल्या भागातील माणसे कशावरून भांडतात, आणि कोणत्या प्रकारचे कागद रोज वाचताना आपले मन रमते, यांवर ती ठरते. म्हणून शाखेचे नाव विचारण्यापेक्षा त्या शाखेतील रोजचे काम कसे असते हे आधी समजून घ्यावे, असे मी पालकांना सांगतो. हा लेखही त्याच हेतूने लिहिला आहे.

सनदेपर्यंतचा रस्ता थोडक्यात असा. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. राज्यातील महाविद्यालयांसाठी सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नागपूरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१६ पासून सुरू आहे, आणि नागपूर विद्यापीठाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय त्याच्या कितीतरी आधीपासून विदर्भाला वकील देत आले आहे. पदवी हाती आल्यावर महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे नोंदणी करून सनद घ्यायची आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हायची. नोंदणीच्या वेळी वेगवेगळ्या नावांखाली अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी निर्णय दिला, की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षा, जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. ज्या घरात आजवर कोणी वकील झाला नाही, त्या घरातील मुलांसाठी हा निर्णय फार मोलाचा आहे.

एकाच शहरात वकिलीच्या इतक्या शाखा का नांदतात, याचे उत्तर नागपूरच्या इतिहासात आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी नागपूर उच्च न्यायालय १९३६ मध्ये स्थापन झाले आणि सिव्हिल लाइन्समधील त्याची देखणी दगडी इमारत १९४० मध्ये खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरचे स्वतंत्र उच्च न्यायालय संपले आणि त्याच वास्तूत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या अकरा जिल्ह्यांतील अपिले आणि रिट याचिका येथे येतात. जिल्हा न्यायालयाची न्यायमंदिर ही इमारतही सिव्हिल लाइन्समध्येच आहे, आणि शहरात कुटुंब न्यायालय, कामगार व औद्योगिक न्यायालय, शाळा न्यायाधिकरण, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण म्हणजे मॅट, प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरण आणि कर्जवसुली न्यायाधिकरण अशी निरनिराळी मंडळे आहेत. तालुक्याच्या गावी एकाच वकिलाला चेक परत गेल्याच्या खटल्यापासून बांधाच्या भांडणापर्यंत सगळे पाहावे लागते. नागपुरात मात्र एका प्रकारच्या कामावर आयुष्य काढता येते, कारण त्या कामासाठी स्वतंत्र न्यायपीठ आणि स्वतंत्र पक्षकारवर्ग आहे.

नव्या वकिलाची सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या सिनियरच्या ऑफिसात होते. सकाळी बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी पाहायची, कोणत्या कोर्टात आपली पेशी म्हणजे सुनावणी कितव्या क्रमांकावर आहे ते टिपून ठेवायचे, सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकले असतील तर न्यायाधीशांना तसे नम्रपणे सांगून प्रकरण थोडे मागे ठेवून घ्यायचे, समन्सची तामिली झाली की नाही हे बेलिफाच्या अहवालावरून तपासायचे, नकलेसाठी अर्ज करायचा, पुरसीस म्हणजे न्यायालयाला द्यायचे छोटे लेखी निवेदन लिहायचे, आणि संध्याकाळी ऑफिसात बसून मसुदे करायचे. यातील कितीतरी गोष्टी पुस्तकात नसतात. दाव्यात कोणता दस्तऐवज कोणत्या निशाणीवर, म्हणजे पुराव्याच्या क्रमांकावर, आहे, रोजनाम्यात गेल्या तारखेला न्यायाधीशांनी नेमके काय लिहिले, हे ऑफिसातला जुना मुन्शी म्हणजे कारकून ज्या सहजतेने सांगतो, ती सहजता यायला वकिलाला काही वर्षे लागतात. ज्युनियरने मुन्शीला मान द्यावा आणि त्याच्याकडून शिकावे, हा सल्ला मी प्रत्येकाला आग्रहाने देतो.

पैशांचा प्रश्न येथेच उभा राहतो. सुरुवातीची वर्षे फार कमी मानधनावर, काही ठिकाणी तर केवळ जाण्यायेण्याच्या खर्चावर काढावी लागतात. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकात शहरी भागातील ज्युनियरना दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात किमान १५,००० रुपये द्यावेत असे म्हटले आहे, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. याबाबत माझी भूमिका स्पष्ट आहे. ज्याच्या घरून दर महिन्याला पैसे येऊ शकतात त्यालाच टिकता यावे, अशी व्यवस्था चालू राहिली तर वकिली काही घराण्यांपुरतीच उरेल. गडचिरोली किंवा वाशिमहून आलेला, खोली भाड्याने घेऊन राहणारा मुलगा दोन वर्षांत ही वाट सोडतो तेव्हा त्याच्या बुद्धीत काही उणे नसते. महिन्याच्या भाड्याची सोय होत नाही म्हणून तो जातो.

आता शाखांकडे वळू. विदर्भात दिवाणी वकिलीचा कणा जमीन हाच आहे. शहरात नझूलचे, म्हणजे शहरातील सरकारी जमिनीचे, भाडेपट्टे, सोसायट्यांनी शेतजमिनीवर पाडलेले लेआऊट, एकच प्लॉट दोघांना विकल्याचे वाद आणि नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेकडून नियमितीकरण झाले की नाही याचे कागद असतात. ग्रामीण भागात वाटणी, वहिवाट, फेरफार आणि मोजणी यांवरून दावे होतात. शिवाय धरणे, रस्ते, कोळसा खाणी आणि औद्योगिक क्षेत्रे यांच्यासाठी घेतलेल्या जमिनींची प्रकरणे इतकी आहेत, की भूसंपादन ही येथे एक स्वतंत्र शाखाच झाली आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या कायद्यात बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळत असे, तर २०१३ च्या कायद्यात ती १०० टक्के झाली. निवाड्यातील मोबदला अपुरा वाटला तर शेतकऱ्याला जुन्या कायद्याच्या कलम १८ खाली किंवा नव्या कायद्याच्या कलम ६४ खाली संदर्भ अर्ज, म्हणजे मोबदला वाढवण्याचा प्रश्न न्यायनिर्णयासाठी पाठवण्याचा अर्ज, करता येतो, आणि तिथेही समाधान झाले नाही तर प्रकरण उच्च न्यायालयात अपिलात येते.

या शाखेत काय लागते हे माझ्या परिचयाच्या एका वकिलाच्या कामावरून सांगतो. तो काटोलकडच्या संत्रा बागायतदाराचा मुलगा. त्याला खरे तर घटनात्मक प्रकरणे करायची होती, पण ज्या ऑफिसात त्याला जागा मिळाली तिथे भूसंपादनाच्या फायली होत्या. अशा एका संदर्भ अर्जात सरकारतर्फे आलेल्या साक्षीदाराने बागेचे उत्पन्न फार कमी दाखवले होते. उलटतपासात या वकिलाने एवढेच विचारले, की आपण बागेची पाहणी कोणत्या महिन्यात केली. साक्षीदार म्हणाला, मे महिन्यात. तेव्हा झाडांवर फळे होती का, तर नव्हती. मग त्याने सातबाऱ्यावरील नोंद, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या आणि बागेला मृग बहार घेतला जात असल्याचा पुरावा समोर ठेवला. मृग बहाराची बाग मे महिन्यात ताणावर असते, म्हणजे तिचे पाणी तोडलेले असते. तिचे फळ मार्चपर्यंत तोडून झालेले असते आणि नवी फूट पावसाळ्याच्या सुरुवातीला येते. मे महिन्यात झाड रिकामे दिसणे हे बाग नापीक असल्याचे लक्षण नाही, हे त्याने दोन-तीन प्रश्नांत नोंदीवर आणले. हे ज्ञान त्याला कायद्याच्या वर्गात मिळाले नव्हते. त्याच वेळी कायद्याची मर्यादाही त्याला ठाऊक होती, ती अशी, की जमिनीची किंमत बागेच्या उत्पन्नावरून काढून मागितली, तर त्याच झाडांची किंमत पुन्हा वेगळी मागता येत नाही. कोणत्या पद्धतीने मोजल्यास पक्षकाराला अधिक मिळेल, हा हिशेब वकिलालाच करावा लागतो. आज वऱ्हाडातूनही लोक त्याच्याकडे येतात.

फौजदारी वकिलीचा वेग निराळा आहे. दिवाणी दाव्यात वर्षांचा हिशेब असतो, तर अटक झालेल्या माणसाच्या प्रकरणात तासांचा असतो, कारण अटकेनंतर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. रिमांड, जामीन, दोषारोपपत्र, दोषनिश्चिती, साक्षीपुरावा आणि अंतिम युक्तिवाद असा क्रम असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन नवे कायदे लागू झाल्यामुळे जुन्या-नव्या वकिलांना कलमांचे आकडे पुन्हा शिकावे लागले, आणि गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुनी दंडसंहिताही लक्षात ठेवावी लागते.

गुन्हेगाराचे वकीलपत्र कसे घेता, असा प्रश्न फौजदारी वकिलाला घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. याचे उत्तर घटनेतच आहे. अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे, आणि गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. बचावाचा वकील पुरावा तपासून घेतो. निकाल न्यायालय देते. बचाव पक्ष दुबळा असेल तर निरपराध माणूस आत जाण्याचा धोका वाढतो, म्हणून हे काम मी प्रतिष्ठेचे मानतो.

फौजदारी शाखेत सरकारी बाजूने जाण्याचीही वाट आहे. दंडाधिकारी न्यायालयांतील सहायक सरकारी अभियोक्त्यांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते, तर सत्र न्यायालयात सरकारी वकील म्हणून नेमणुकीसाठी किमान सात वर्षांची वकिली लागते. ज्यांना बचावाचेच काम करायचे आहे पण दरमहा ठरावीक मानधन हवे आहे, त्यांच्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये विधी साहाय्य बचाव सल्लागार योजना आणली. या योजनेतील वकील पूर्ण वेळ गरीब आरोपींची प्रकरणे चालवतात आणि त्यांना खासगी वकिली करता येत नाही.

विदर्भातील एका फौजदारी प्रकरणाने कायद्याच्या प्राध्यापकांचे महत्त्वही देशाला दाखवून दिले. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नाही, यावरून संमतीचा निष्कर्ष काढला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि पीडितेने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. आजच्या साक्ष अधिनियमात ती कलम १२० मध्ये आहे. अध्यापन आणि लेखन करणारे कायदेपंडित किती दूरवर परिणाम घडवू शकतात, याचा यापेक्षा ठळक दाखला मला माहीत नाही.

सेवाविषयक कायदा ही नागपुरातील तितकीच भरभक्कम, पण बाहेर फारशी चर्चा न होणारी शाखा. बदली, बढती, विभागीय चौकशी, निवृत्तिवेतन, ज्येष्ठता यादी यांची राज्य कर्मचाऱ्यांची प्रकरणे १९९१ पासून मॅटसमोर जातात. येथे आधी खात्यातील उपाय वापरून पाहावे लागतात आणि साधारणतः एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. मॅटच्या निर्णयावर उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठासमोर दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केले. याला लागूनच जातवैधतेच्या रिट याचिका येतात. जमातीच्या राखीव जागेवर शिक्षण किंवा नोकरी मिळालेल्या व्यक्तीचा दावा पडताळणी समितीने फेटाळला की ती उच्च न्यायालयात येते, आणि मग आजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून जुन्या महसुली नोंदींपर्यंतचे कागद तपासले जातात. कोष्टी या विणकर समाजाला हलबा जमातीत धरावे का, या हलबा-कोष्टी प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २८ नोव्हेंबर २००० रोजी सांगितले, की राष्ट्रपतींच्या आदेशातील जमातींची यादी न्यायालयाला वाढवता किंवा बदलता येत नाही. मात्र त्या प्रकरणातील विद्यार्थ्याची पूर्ण झालेली वैद्यकीय पदवी न्यायालयाने काढून घेतली नाही. विदर्भात हजारो कुटुंबांची नोकरी आणि शिक्षण अशा निर्णयांशी बांधलेले आहे, म्हणून या शाखेत काम करणाऱ्याला निकालाच्या प्रत्येक वाक्याचा माणसांवर होणारा परिणाम ठाऊक असावा लागतो.

या क्षेत्रात माझ्या एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्या आधी एका खासगी अनुदानित शाळेत शिक्षिका होत्या. तोंडी आदेशाने कामावर येऊ नका असे सांगितलेल्या एका सहशिक्षिकेला मदत करताना त्यांच्या लक्षात आले, की १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यातील कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करायचे असते, आणि ही मुदत शाळेतील एकाही शिक्षकाला माहीत नव्हती. पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. सेवापुस्तकातील एखादी नोंद, आरक्षणाची बिंदुनामावली, मान्यतेचे पत्र आणि उपस्थितीपट यांची भाषा त्यांना मुळातच अवगत होती. चाळिशीत वकिली सुरू केली तर उशीर होतो, असे जे म्हणतात त्यांना मी त्यांचे उदाहरण देतो, कारण पूर्वीच्या नोकरीतील ज्ञान या शाखेत वाया जात नाही.

कौटुंबिक प्रकरणांत कायद्याइतकेच ऐकून घेण्याचे कसब लागते. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार पक्षकाराला तिथे वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, न्यायालय परवानगी देते. समुपदेशक आधी तडजोडीचा प्रयत्न करतात. खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या, प्रकरणात नवऱ्याचे खरे उत्पन्न किती, हा कळीचा मुद्दा असतो. नागपूरच्याच कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सगळ्या देशासाठी नियम घालून दिले, की दोन्ही पक्षांनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. त्या दिवसापासून या शाखेतील वकिलाला बँकेचा उतारा, प्राप्तिकर विवरणपत्र आणि कर्जाचे हप्ते वाचता येणे भाग झाले. मुलाच्या ताब्याचे प्रकरण चालवून घरी गेल्यावर ते मनातून काढून टाकता येत नसेल, तर मात्र ही शाखा फार थकवते. माझ्या पाहण्यातील काही चांगल्या वकिलांनी याच कारणाने ती सोडली.

कामगार कायद्यात कोळसा खाणी, वीज कंपन्या आणि हिंगणा-बुटीबोरीचे कारखाने यांच्यामुळे नागपुरात काम भरपूर आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्याने जुने-नवे दोन्ही कायदे येणाऱ्यांची गरज पुढील काही वर्षे वाढणार आहे. करविषयक कामात सनदी लेखापालांशी स्पर्धा असते. वाणिज्य शाखेची पदवी असलेल्यानेच तिकडे वळावे हे बरे.

कंपनीतील नोकरी आणि कॉर्पोरेट कायदा यांविषयी तरुणांत सर्वाधिक आकर्षण आहे, आणि सर्वाधिक गैरसमजही. करार तयार करणे, दुसऱ्या पक्षाने सुचवलेल्या दुरुस्त्या तपासणे, नियमपालनाच्या तारखा सांभाळणे, बाहेरच्या वकिलांना सूचना देणे, असे हे काम आहे. पगार पहिल्या महिन्यापासून मिळतो, पण मोठी ऑफिसे बहुतेक मुंबई-दिल्लीकडे आहेत. महत्त्वाची गोष्ट अशी, की वकील परिषदेच्या नियम ४९ प्रमाणे वकिली करणाऱ्याला कोणाचीही पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली की परिषदेला कळवून सनद स्थगित करावी लागते. माझ्या ऑफिसात शिकलेली एक मुलगी पुण्याच्या कंपनीत काही वर्षे करार विभागात होती. आई-वडिलांसाठी परत आल्यावर तिने सनद पुन्हा सुरू केली. बांधकाम व्यावसायिकांचे विकसन करार आणि महारेरा या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणापुढील प्रकरणे ती आज उत्तम करते, पण उलटतपास घेणे तिला नव्याने शिकावे लागले. न्यायालय आणि कंपनी यांत ये-जा होऊ शकते, मात्र उशीर जितका अधिक तितकी ती अवघड जाते.

न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांनी एक बदल लक्षात ठेवावा. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदाची परीक्षा पूर्वी आपल्या राज्यात ठरावीक अटींवर नवे पदवीधरही देऊ शकत होते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. हा कालावधी बार परीक्षेआधीच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजला जातो आणि दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे प्रमाणपत्र लागते. पदवीनंतर नुसती परीक्षेची तयारी करत घरी बसण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला, आणि पक्षकाराशी कधी न बोललेल्या तरुणाला थेट न्यायासनावर न बसवणे मला योग्यच वाटते.

उच्च न्यायालयाचे न्यायाधीशपद मात्र परीक्षेने मिळत नाही. दहा वर्षांच्या वकिलीनंतर ज्याचे काम न्यायाधीशांच्या नजरेत भरते त्याचे नाव सुचवले जाते. नागपूरच्या बारमधून, म्हणजे वकीलवर्गातून, सरन्यायाधीशपदापर्यंत गेलेल्यांच्या वाटा पाहिल्या तर त्या एकसारख्या नाहीत. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी १९३० मध्ये नागपुरात वकिली सुरू केली, १९३५ पासून काही वर्षे विधी महाविद्यालयात शिकवले, मग सरकारी वकील, १९४३ मध्ये महाधिवक्ता म्हणजे प्रांताचे सर्वोच्च सरकारी वकील, १९४६ मध्ये न्यायाधीश आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. १९६८ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. शरद बोबडे यांचा जन्मच वकिलांच्या घरातला. वडील अरविंद बोबडे राज्याचे महाधिवक्ता होते. १९७८ मध्ये नोंदणी, वीसहून अधिक वर्षे नागपूर खंडपीठात वकिली, १९९८ मध्ये वरिष्ठ वकील, २००० मध्ये न्यायाधीश आणि २०१९ मध्ये सरन्यायाधीश, असा त्यांचा क्रम. अमरावतीचे भूषण गवई यांनी १९८५ मध्ये बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे उमेदवारी केली, काही वर्षे मुंबईत स्वतंत्र काम केले आणि १९९० नंतर नागपुरात स्थिरावले. नागपूर व अमरावती महापालिकांचे आणि अमरावती विद्यापीठाचे वकीलपत्र, २००० मध्ये खंडपीठाचे सरकारी वकील, २००३ मध्ये न्यायाधीश आणि मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश, हा त्यांचा प्रवास पाहिला तर ज्या प्रशासकीय आणि घटनात्मक कायद्यात त्यांचे नाव झाले त्याची सुरुवात महापालिकांच्या फायलींत दिसते. मोठे घटनात्मक प्रश्न अशा साध्या वाटणाऱ्या फायलींतूनच वर येतात, हे ज्युनियरने ओळखावे.

स्त्रियांना वकिली करण्यातील अडथळा कायद्याने १९२३ मध्ये दूर केला, पण आजही ज्युनियर मुलीला फौजदारी काम झेपेल का असे विचारले जाते आणि कौटुंबिक प्रकरणे तिच्याकडे सरकवली जातात. ज्या मुलीला सत्र खटले चालवायचे आहेत तिने ऑफिस निवडतानाच सिनियरला ते स्पष्ट सांगावे, आणि सिनियरनेही तिला साक्षीदार तपासायला उभे करावे. मागच्या खुर्चीवर बसून कोणी उलटतपास शिकत नाही.

स्वतंत्र काम सुरू करताना पहिले प्रकरण कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच. वकील परिषदेच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. म्हणून सुरुवातीचे पक्षकार गाव, नातेवाईक आणि जुन्या सिनियरने सोपवलेली छोटी कामे यांतूनच येतात. सिनियरचे ऑफिस सोडताना तिथल्या फायली सोबत नेता येत नाहीत. ज्या प्रकरणात आधीच दुसऱ्या वकिलाचे वकीलपत्र आहे, तिथे नियम ३९ प्रमाणे त्याची संमती लागते, आणि ती मिळाली नाही तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ज्यांच्यामागे गाव आणि नातेवाईक यांचे असे पाठबळ नाही, त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनेलसाठी अर्ज करावा. त्यासाठी किती वर्षांची वकिली लागते याची चौकशी कार्यालयातच करावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तेथील मानधन फार नसते, पण वकीलपत्र आपल्या नावाचे असते, युक्तिवाद आपल्यालाच करावा लागतो, आणि पहिल्या दोन वर्षांत खावटी, जामीन, घरगुती हिंसाचार आणि छोटे दिवाणी दावे असे सगळे प्रकार हाताखालून जातात.